मार्फत गुलाम नबी, वणी

जांभूळपोड,
३ जुलै २०२५

प्रिय राजदीप,

जयभीम.

तुझ्या कंपनीचा फोनचा डबा एकदाचा आला. तू काही तो बनवलेला नाहीस, पण इथे सगळे तसंच समजतात आणि मीही कुणाची समजूत काढत बसले नाही. माझ्या आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवर, लसींच्या फ्रीजच्या वर तो बसवलाय. फाट्यापासून खांबाखांबावरून तार आली. टॉवर अजूनही नाहीच. पण उपकेंद्राच्या ओट्यावर उभं राहिलं की फोन त्या डब्याला धरून ठेवतो आणि बोलणं होतं. माझ्या खोलीत नाही होत. मधे एकच भिंत आहे, पण ती त्याला पार होत नाही.

ओटा म्हणजे काय ते तुला माहीत आहे. पोडाची सगळी कोलाम वस्ती संध्याकाळी तिथेच टेकते. परवा आईला फोन लावला. तिने विचारलं, जेवलीस का? मी हो म्हणाले. मागून मानीबाई ओरडली, "खोटं कायले बोलतं वं सिस्टर? तुया घरून धूर तं निंगलाच नाही!" आईने ते तिकडे ऐकलं आणि मग मला दोघींची बोलणी खावी लागली. म्हणून तुला पत्रच लिहिणार आहे. आपली जी काही भांडणं आहेत ती पाकिटात राहू दे. पत्रं नेहमीप्रमाणे जीपवाल्याकडून गुलाम नबी चाचांच्या दुकानात जातील आणि तिथून पोस्टात.

डबाही चाचांच्याच पत्त्यावर मागवला. कॉम्प्युटरवर जांभूळपोड टाकलं की लाल अक्षरं यायची, असं ठिकाणच नाही म्हणे! मग टाकलं आपलं नेहमीचं, मार्फत गुलाम नबी, घड्याळ व मोबाइल दुरुस्ती, बसस्टँडजवळ, वणी. लगेच घेतलं. बियाणं, औषधं, पोरांची पुस्तकं, सगळं तिथेच उतरतं. डब्याला काय सोन्याचं लागलंय?

आता कामाचं. तानाबाईला पुन्हा दिवस गेलेत. मानीबाईची सून, नयनची बायको. तुला आठवत असेल, तू आला होतास तेव्हा तिने मोहाची फुलं आणून दिली होती. तिची आधीची दोन्ही बाळं ट्रॅक्टरमधून दवाखान्यात नेताना गेली. पोळ्याच्या आगेमागे तिचे दिवस भरतील. माझं म्हणणं, तिने आधीच दवाखान्यातल्या गरोदर बायकांच्या माहेरघरात जाऊन राहावं. तिची तयारी नाही. मागच्या खेपेला राहून आली, कंटाळून परतली आणि त्याच आठवड्यात कळा सुरू झाल्या. आता म्हणते, "डबा हाय नं आता, फोन करू."

मला एकच सांग, आणि नीट सांग. ह्या डब्यावरून ॲम्ब्युलन्सला फोन लागेल का? गाडी इथे येईल का? तू हो म्हणालास तर मी तिला आग्रह करणार नाही.

तुझी,
ताई


पुणे,
१४ जुलै २०२५

प्रिय ताई,

जयभीम.

मानीबाईंना माझा दंडवत. तुझ्यावर लक्ष ठेवायला एवढी चांगली यंत्रणा मला कधीच उभी करता आली नसती.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: हो. बिनधास्त हो.

थोडं समजावून सांगतो, कारण हे माझंच काम आहे आणि घरात मला कुणी कधी विचारत नाही. आधी तारेचा फोन वेगळा आणि हातातला वेगळा असायचा. आता दोन्ही जाळी एकत्र जोडली आहेत. फोन तारेवरून बोलतोय की हवेतून, हे माणसाला कळूही नये असं. पण मग फोनला एक अडचण येते. तो कुठेही जोडला गेला की त्याला आधी विचारावं लागतं, मी आहे तिथे काय काय मिळतं? बोलणं होईल का, पोलीस ठाणं कोणतं, ॲम्ब्युलन्स कोणाची? बदलीच्या गावी पहिल्या दिवशी तू विचारलं असशील ना, पाणी कुठलं, दूध कोण घालतं, तसंच. ह्याला आम्ही सेवाशोध म्हणतो. फोनने विचारायचं आणि जाळ्याने उत्तर द्यायचं. त्यातला ॲम्ब्युलन्सचा भाग मी लिहिलाय.

हातातला फोन कुठे आहे ते टॉवरवरून कळतं. तुमच्याकडे टॉवर नाही, पण डबा भिंतीला ठोकलेला आहे, तो कुठे जाणार? त्यामुळे त्याची जागा जाळ्याला आधीच माहीत असते. फोन लागला की नियंत्रण कक्षातल्या माणसाच्या पडद्यावर पत्ता आपोआप उमटतो आणि जवळची गाडी निघते. विचारायची गरज नाही, सांगायची गरज नाही. ताई, बाबा गेले त्या दिवशी फोन माझ्या हातात होता. समोरची बाई पत्ता विचारत होती आणि मला आपल्याच घराचा पत्ता आठवेना. तू नव्हतीस तेव्हा. ते मी कधी विसरलो नाही. म्हणून हे काम मी मागून घेतलं.

तेव्हा तानाबाईला राहू दे घरी. नयनला फक्त नंबर लावायला शिकव.

गुलाम नबी चाचांना सलाम सांग. त्यांच्या दुकानात अर्धा तालुका राहतो, असं बाबा म्हणायचे ते खोटं नाही.

तुझा,
राजदीप


जांभूळपोड,
६ ऑगस्ट २०२५

प्रिय राजदीप,

जयभीम.

बाबांचं तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. तुझ्यावर मी उगीच चिडायचे, की पुण्याला गेला आणि घरच्यांना विसरला.

तानाबाईला सांगितलं, राहा घरी. तिचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू! मानीबाई मात्र फुरंगटली आहे. ती म्हणते, "भिताडाले टांगलेल्या डब्याले माह्या सुनेच्या कळा कशा समजतीन?" मी म्हटलं, माझ्या भावाने केलंय ते. तरी तिला पटलं नाही. तिने तानाबाईचं गाठोडं बांधून ठेवलंय, ते सोडायला तयार नाही. मी तुझ्या नावावर केवढी उधारी करतेय बघ.

नयनला शिकवलं. तो फोन हातात घेतो तो चिमणीचं पिल्लू धरल्यासारखा. ओट्यावर उभं राहायचं, हा नंबर दाबायचा, "पोडावर बाई अडली, गाडी पाठवा" असं म्हणायचं. रोज संध्याकाळी नंबर न लावता नुसता सराव करतो. पोरं त्याच्या मागे उभी राहून तेच म्हणतात. सगळ्या पोडाला पाठ झालंय.

एक गंमत. ओट्यावर फोन उघडला की तो सांगतो, तुमच्या जवळचं औषधाचं दुकान: वणी बसस्टँड. जवळचा पेट्रोलपंप, तोही वणीतला. वणीत पाऊस असला की इथे कोरड्या उन्हात छत्री घ्या म्हणतो. पोरं म्हणतात, "सिस्टर, आपलं पोड वणीत गेलं वं!" मला हसू येतं. पण काल फ्रीजसमोर उभी असताना उगीच मनात आलं. असं काहून होतं रे? तुझ्या त्या शोधाशी ह्याचा काही संबंध आहे का?

तानाबाईचा रक्तदाब जरा वर आहे. गोळ्या चालू केल्यात. एका परीने मलाही बरं वाटतंय, ती डोळ्यांसमोर आहे. पोळा जवळ आला.

तुझी,
ताई


पुणे,
१६ ऑगस्ट २०२५

प्रिय ताई,

जयभीम.

घाईत लिहितोय. इथे आमची नवी आवृत्ती बाहेर काढायची धांदल आहे, जेवायला उसंत नाही.

ते औषधाचं दुकान, पाऊस वगैरे जाहिरातवाल्यांचं काम असतं. ते कुठूनही काहीही उचलतात. आमच्या यंत्रणेचा त्याच्याशी संबंध नसावा. पोरांना सांग, पोड आहे तिथेच आहे.

नयनचा सराव वाचून इथे सगळ्यांना सांगितला. फार आवडला. आमच्या साहेबांनी तर तो मोठ्या बैठकीत सांगायचं ठरवलंय.

आईला मी रविवारी फोन करतो. तू तिला सांग की गुडघ्याचं तेल पाठवलंय, चाचांच्या दुकानी येईल.

हो, आणि एक. डबा मागवताना तू पत्ता नेमका काय टाकला होतास, ते एकदा कळव. सहज विचारतोय. सवडीने लिहिलंस तरी चालेल.

तुझा,
राजदीप


वणी,
२६ ऑगस्ट २०२५

बेटा राजदीप,

दुआ.

मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलो, पण पत्र लिहायची सवय नाही. हजारो पत्रं ह्या हातातून पुढे गेली, स्वतः लिहिलेलं हे दुसरं का तिसरं असेल. काल तुला फोन केला होता. तू "चाचा कैसे हो" म्हणालास आणि मी "ठीक हाय" म्हणून ठेवून दिला. फोनवर सांगवलं नाही. तुझी ताई मोनाली सध्या लिहायच्या हालतीत नाही. म्हणून मी लिहितो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरांच्या तान्ह्या पोळ्याला, दुपारी दुकानापुढे ॲम्ब्युलन्स येऊन थांबली. भोंगा वाजत होता. रस्त्यात लहान पोरं लाकडी बैल घेऊन, ती सगळी बाजूला पळाली. ड्रायव्हर आत आला, म्हणतो, "पेशंट कोण हाय?" मी म्हटलं, "माया घरी तं सब खैरियत हाय." तो म्हणतो, "पत्ता हाच हाय, चाचा. गुलाम नबी, बसस्टँडजवळ. बाई अडली म्हणून फोन होता." त्यानं उलट फोन लावला. लागला नाही. नंतर कळलं, नयन फोन करून बायकोपाशी घरात पळाला होता, आणि तिथे तो फोन मुका.

बेटा, चाळीस साल झाले, पोडाचं सामान माझ्या दुकानात उतरतं. एकदम डोक्यात आलं, ही गाडीपण त्यांचीच हाय. चुकून माझ्याकडे उतरली. दुकान उघडं टाकलं आणि गाडीत बसलो. ड्रायव्हरला म्हटलं, "चल, मी दाखवतो."

रस्ता लांबचा, तुला ठाऊक आहे. फाट्यावर आलो तर तिथल्या आरोग्य केंद्रापुढे दुसरी ॲम्ब्युलन्स उभी होती. तिचा ड्रायव्हर चाकांवर पाणी मारून राह्यला होता. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. आमचा ड्रायव्हर त्याच्याकडे पाहून काहीतरी बोलला, मला समजलं नाही.

पोडावर पोचलो तेव्हा नयन ओट्यावर उभा होता. फोनमध्ये तेच तेच म्हणत होता, "पोडावर बाई अडली, गाडी पाठवा." मला समोर पाहूनही म्हणतच राहिला. मोनाली दुसऱ्या पोडावर लस द्यायला गेली होती, तिला बोलवायला पोरं पळाली होती. तानाबाईला गाडीत घातलं. मानीबाई सोबत बसली. पोरगी रस्त्यातच झाली. रडली नाही. मानीबाईनं तिला लुगड्यात गुंडाळलं आणि दवाखाना येईपर्यंत छातीशी धरून ठेवलं, कुणाला देईना.

तानाबाई जित्ती हाय. यवतमाळला नेलं, रक्त चढवलं. डॉक्टर म्हणतात, वाचली.

एक गोष्ट सांगायची राहिली. तुझं पत्र माझ्या काउंटरवर होतं. पोळ्यामुळे जीपवाले बंद, म्हणून गेलं नव्हतं. मी कुणाचं पत्र कधी उघडत नाही. दुसऱ्या दिवशी मोनाली दुकानात आली, तिला दिलं. तिनं उभ्या उभ्या वाचलं, घडी केली, पर्समध्ये ठेवलं. काय होतं रे त्यात?

तुझा,
गुलाम नबी चाचा


पुणे,
१ सप्टेंबर २०२५

प्रिय ताई,

काय लिहू. चाचांचं पत्र आलं. मी तुला फोन करतो तर तू उचलत नाहीस. आई म्हणते तू बरी आहेस, पण आईला तू सगळं सांगितलेलं नाहीस असं दिसतंय.

इथे चौकशी झाली. साहेबांनी सगळ्या नोंदी पाहिल्या. यंत्रणा जशी चालायला हवी तशीच चालली, असं निघालं. फोन जोडला गेला, सेवा सापडली, जागा कक्षाच्या पडद्यावर गेली, गाडी निघाली. फक्त जागा चुकीची होती, कारण ग्राहकाने नोंदवलेला पत्ता चुकीचा होता. तुझ्या डब्याचा पत्ता आम्ही त्याच दिवशी दुरुस्त केलाय. आता तिथून फोन केला तर फाट्यावरचीच गाडी येईल.

अहवालाबरोबर ग्राहकाचं दोन ओळींचं निवेदन लागतं, की पत्ता आपल्याकडून चुकला. सोबत कागद आहे. नुसती औपचारिकता आहे, ताई. तुला कुणी काही विचारणार नाही, प्रकरण मिटेल. सही करून पाठव.

मी त्या पत्रात तुला पत्ता विचारला होताच. शंका आली होती म्हणूनच विचारला होता. दोन दिवस आधी पोचलं असतं तर.

तानाबाई कशी आहे?

राजदीप


जांभूळपोड,
१४ सप्टेंबर २०२५

राजदीप,

तुझा कागद परत पाठवते आहे. सही नाही केली.

"विचारला होताच" म्हणतोस! काय विचारलं होतंस? सहज विचारतोय, सवडीने लिही. आईच्या गुडघ्याच्या तेलाखाली, शेवटी. शंका आली होती तर फोन का नाही केलास? जगाच्या पाठीवर कुणाचाही फोन कुठेही लागावा म्हणून तू पगार घेतोस. मी रोज संध्याकाळी ओट्यावर असते. एक फोन केला असतास तर त्याच रात्री मी तानाबाईला जीपमध्ये घालून घेऊन गेले असते. मानीबाईने गाठोडं बांधूनच ठेवलं होतं.

पत्ता मी टाकला, हे खरं आहे. ते मी लपवलेलं नाही. नयन यवतमाळहून परत आला आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "सिस्टर, माह्याकडून नंबर चुकीचा लागला का?" मी नाही म्हणाले. तर म्हणे, "मंग बोलायचं चुकलं का? मी तं तू शिकवलं तसंच बोललो." मी म्हटलं, नयन, तुझं काही चुकलं नाही, पत्ता मी चुकीचा टाकला होता. ओट्यावर, सगळ्यांसमोर सांगितलं. तो म्हणाला, "तुले कुठी मालूम होतं, सिस्टर." तो असं म्हणाला हेच मला जास्त लागलं. मला कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मला कुणी काही बोलत नाही. मानीबाई अजून भाजी आणून ठेवते. पण संध्याकाळी ओट्यावर कुणी येत नाही आता. तानाबाई घरातून बाहेर पडत नाही. मी तपासायला जाते, ती हात पुढे करते, मी नाडी बघते, तोंडातून शब्द नाही.

तुझ्या अहवालात माझी चूक लिहिली की माझ्या डब्याचा पत्ता दुरुस्त होतो आणि प्रकरण मिटतं. आणि बाकीच्यांचं? मी गुलाम नबी चाचांना विचारलं, तुमच्या पत्त्यावर अजून कुठले डबे गेले? ते बोटं मोजायला लागले, एका हाताची झाली, दुसऱ्या हाताची झाली, आणि मग त्यांनी हात खाली घेतला. इकडच्या एकाही पोडाचं नाव तुमच्या कॉम्प्युटरला चालत नाही, मग माणसांनी दुसरं काय टाकावं? आमच्याकडे वस्तू घराच्या पत्त्यावर येत नाहीत, ओळखीच्या माणसाच्या पत्त्यावर येतात. हे तुला माहीत नव्हतं? तू वणीत वाढलास. तुझी अभ्यासाची पुस्तकंसुद्धा त्याच दुकानात यायची. साहेबांना माहीत नसेल, तुला माहीत होतं, आणि तू चाचांच्या दुकानात अर्धा तालुका राहतो म्हणून हसलास.

ह्या पोडांवर आत्ता किती बायका दिवस मोजताहेत ते मी सांगू शकते, माझ्याकडे त्यांची नावं आहेत. माझ्या सहीने त्यांच्यापर्यंत गाडी पोचणार असेल तर सांग, लगेच करते. नसेल तर मला पुन्हा असा कागद पाठवू नकोस.

मोनाली


पुणे,
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय ताई,

जयभीम.

काल सकाळी तुमच्याकडून परत पोचलो. चाचांचं पत्र आल्यापासून पहिल्यांदा शांत झोप लागली. म्हणून आधी तुला लिहायला बसलो.

तुझं सप्टेंबरचं पत्र मी साहेबांसमोर ठेवलं. भाषांतर करून नाही, तसंच. त्यांना मराठी येतं. त्यांनी ते वाचलं आणि मला विचारलं, "हे तुला माहीत होतं?" मी हो म्हणालो. त्यानंतर जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण नोकरी अजून आहे. नोंदी काढल्या तेव्हा दिसलं, नकाशावर चाचांच्या एका दुकानात डब्यांची गर्दी उसळलेली. आता नियम बदलला. टॉवर नसलेल्या ठिकाणी नोंदवलेल्या पत्त्यावर विसंबायचं नाही. बसवणाऱ्या माणसाने डब्याशेजारी उभं राहून जागा पक्की करायची, तोपर्यंत कक्षातल्या माणसाने पत्ता विचारलाच पाहिजे. तुमच्या भागातल्या सगळ्या डब्यांचं काम मी स्वतः फिरून केलं, हे तू पाहिलंस.

तू विचारलं होतंस, फोन का नाही केला. ओट्यावर मला हे सांगायची सवड मिळाली नाही म्हणून इथे सांगतो. फोन केला असता तर सगळ्या पोडाने ऐकलं असतं, की ज्याने डबा बनवला त्यालाच डबा कुठे आहे ते माहीत नाही. मला लाज वाटली. कारण एवढंच आहे, ते मोठं करून सांगता येत नाही.

पण गुरुवारी जे झालं त्याने मला धीर आला. खरं सांगतो, मी घाबरत घाबरत आलो होतो. पोडावर माझ्याशी कुणी बोलणार नाही असं वाटलं होतं. मानीबाईंनी तर चहा ठेवला! आणि चाचणी कशी झाली, बघितलंस ना? कक्षाला आधी कळवलेलं होतं, पण पत्ता कुणी सांगितला नव्हता. नयनने नंबर लावला, तेच वाक्य म्हणाला, आणि फाट्यावरची गाडी सरळ ओट्यापुढे येऊन उभी. चहात दूध पडायच्या आत! पोरांनी टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हरने माझा हात हातात घेतला तेव्हा मला भरून आलं. तानाबाईसुद्धा घराबाहेर आलेली दिसली. तिला बाहेर आलेलं बघून फार बरं वाटलं. तुझ्याशी काहीतरी बोलत होती. आता ती सावरेल, ताई.

साहेब म्हणतात, ह्या चाचणीवर एक टिपण लिही, सगळीकडे पाठवू. तू काही जोडणार असशील तर कळव.

तुझा,
राजदीप


जांभूळपोड,
२ डिसेंबर २०२५

प्रिय राजदीप,

जयभीम.

तुझं पत्र मिळालं. तू साहेबांसमोर हो म्हणालास, हे वाचून तुझ्यावरचा राग बराचसा गेला. सगळा गेला असं म्हणणार नाही. पोडापोडांवर तू फिरलास, पायाला फोड आले तरी थांबला नाहीस, हे मी पाहिलंय. आईलाही सांगितलंय. लाजेचं लिहिलंस तेही बरं केलंस. मला ते आधीच कळलं होतं, तुला लहानपणापासून ओळखते.

गेल्या आठवड्यात पलीकडच्या पोडावरून एका बाईसाठी फोन गेला. फाट्यावरची गाडी वेळेत आली. मुलगा झाला, दोघं ठीक आहेत. हे तुझ्या टिपणात जरूर लिही. ते तुझं आहे आणि तुला मिळायला हवं.

चाचणीबद्दल तू जोडायला सांगितलंस. लिहावं की नाही, ह्यावर मी चार दिवस घालवले. तू सुखाने झोपलास हे वाचलं आणि वाटलं, राहू दे. पण मग वाटलं, आपण दोघं एकमेकांपासून पुष्कळ काही राखून ठेवत आलो आणि त्याचं काय झालं ते पाहिलं.

तू ड्रायव्हरशी बोलत होतास तेव्हा तानाबाई दारातून निघाली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. पोरं टाळ्या वाजवत होती, त्यांच्यातून वाट काढत सरळ गाडीपाशी गेली. मागचं दार उघडं होतं. तिने आतल्या खाटेवर हात फिरवला. मग ती ओट्याशेजारी मांडलेल्या चुलीकडे गेली. मानीबाईने तुझ्यासाठी ठेवलेला चहा अजून उकळत होता. नयनने नंबर लावला तेव्हाच तो चुलीवर चढवलेला तानाबाईने दारातून पाहिला होता. ती चुलीपाशी उभी राहून त्या भांड्यात बघत राहिली. मानीबाईने तिच्याकडे पाहिलं आणि मानीबाईच्या हातातली दुधाची वाटी तशीच राहिली. तिने दूध घातलंच नाही. तुला काळा चहा मिळाला, आठवतं? तू म्हणालास छान झालाय.

मग तानाबाई माझ्याकडे आली. इतक्या महिन्यांनी माझ्याशी बोलली, ते एवढंच.

"सिस्टर, गाडी एवढीच दूर होती का वं?"

मी हो म्हणाले. ती घरात गेली आणि तिने दार लावून घेतलं.

तुझी,
ताई